४७ नंबरची हिरवी ओळ

मार्च अखेर. चोपडा तालुक्यातला आमचा मक्याचा प्लॉट, आणि ताटं चिरायचा दिवस.

खोडकुजीची चाळणी, म्हणजे मुद्दाम रोग लावून कोणता वाण तगतो ते पाहणं, हे किचकट काम. टूथपिका तीन-चारदा उकळायच्या, नाहीतर लाकडातला तुरटपणा बुरशीला वाढू देत नाही. वाळवून बटाट्याच्या रसात बुरशीसोबत ठेवायच्या. फुलोरा सरला की जमिनीपासून दुसऱ्या पेरात तिरपं भोक पाडून प्रत्येक ताटात एक खोचायची आणि पाणी तोडायचं. ताण बसला नाही तर ही बुरशी खोडात फारशी पसरतच नाही. महिन्याभराने ताट उभं चिरलं की आतल्या धाग्यांवर कोळशाची पूड शिंपडल्यासारखी दिसते. गुण एक ते नऊ. नऊ म्हणजे ताट गेलंच.

४७ नंबरचा वाण माझा लाडका. शेजारच्या तुकड्यात पोंग्यांत, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, ब्रशने लष्करी अळ्या सोडल्या, तेव्हा त्याच्या पानांवर टाचणीएवढी भोकं पडली, बस. आता खोडालाही दोन गुण! अहवाल मनात लिहून झाला. वरच्या साहेबांना असंच हवं असतं, दोन्ही रकाने एकदम गोड.

शेजारचा तुल्य वाण, तुलनेसाठी लावलेला, दरवर्षी हमखास काळा पडतो. तोही हिरवा होता. मी पाहिलं, तीन गुण लिहिले आणि पुढे सरकलो. वीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाने!

ताटं कापणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आठे नळी फुटेल शे ना भाऊ, माटी ओलीच ऱ्हास."

बांधापलीकडे केळी. तिच्या ठिबकची नळी आमच्या कडेने गेलेली, आणि जोड गळत होता. पायाने माती उकरली, वीतभर खाली चिखल. आम्ही पाणी तोडलं होतं, केळीवाल्याने नाही.

प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला ४७ ची हीच ओळ पुन्हा होती. तिला सात.

आमचा नवा पोरगा म्हणाला, "सर, सरासरी साडेचार. मध्यम सहनशील लिहू?" मी त्याला झापलं. सकाळी मी मनात याहून वाईट लिहिलं होतं, ते त्याला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी ४७ ला तीन होते. तेव्हा ओळ बांधापासून लांब होती, पण फेब्रुवारीत अवकाळी पाऊस पडला होता. मग ते तीन तरी खरे का? अळीचे गुण मात्र खरे आहेत, तिथे पाण्याचा प्रश्न नव्हता. म्हणून पिशव्या घालून स्वपरागित केलेली ४७ ची सहा कणसं फेकवत नाहीत.

रब्बीत त्यांचं बी प्लॉटच्या मधोमध टोकणार आहे. जोड अजून गळतोच आहे.