नवतपातली ठिणगी

आज दुपारी वर्धा रोडवर, अजनी चौकाच्या थोडं पुढे, बाबांची जुनी कार्बोरेटरवाली गाडी चालता चालता बंद पडली. स्टार्टर फिरत होता, इंजिन घेत नव्हतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे, त्यामुळे मला वाटलं पेट्रोलचीच वाफ झाली.

पानठेल्यावरचे एक काका उठून आले. "पेट्रोल मागून पाहू जी, आधी करंट पाहू."

इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढला तर ओला, पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल येत होतं. तो वायरीत खोवून इंजिनच्या लोखंडाला टेकवला, मला सेल्फ मारायला लावला. ठिणगीच नाही! ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवते ती कॉइल; चावी दिल्यावर तिच्यापाशी टेस्ट लॅम्प लागत होता, म्हणजे करंट तिथवर येत होता. कॉइलमधून निघणारी जाड वायर मात्र मेलेली. कॉइलला बोट लावलं आणि चटकाच बसला.

काकांनी गळ्यातला दुपट्टा भिजवून कॉइलवर गुंडाळला. पंधरा मिनिटांनी तोच प्लग टेकवला, तर टक टक निळी ठिणगी! किती आनंद झाला म्हणून सांगू. "गरम झाली का आतली तार सुटते, थंडी झाली का धरते. उद्या कॉइल बदला," म्हणाले. पैसे घेतलेच नाहीत.

गाडी त्रिमूर्तीनगरपर्यंत नीट आली. दुपट्टा मात्र माझ्याकडेच राहिलाय. धुऊन वाळत घातलाय, उद्या द्यायला जाते.