कापणीच्या दिवशी गळणारा डिझेल पंप

सावदा-रावेर पट्ट्यात केळीची कापणी ठरली की त्या दिवशी ट्रॅक्टर थांबून चालत नाही. कापलेले घड मे महिन्याच्या उन्हात बांधावर पडून राहिले तर साल काळवंडते आणि व्यापारी तेवढ्यावर भाव पाडतो. अशाच एका कापणीच्या सकाळी आमच्या तीन सिलेंडरच्या जुन्या ट्रॅक्टरचा इंजेक्शन पंप, म्हणजे सिलेंडरांना मोजून दाबाने डिझेल देणारा पंप, डिझेलने निथळत होता. पंप उतरवून जळगावला टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) न्यायचा तर दिवस गेलाच असता. म्हणून आधी गळती नेमकी कुठून आहे ते पाहायचे आणि पंपाचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरला जाणाऱ्या डिझेलचे ठरवलेले माप, बिघडणार नसेल तरच हात घालायचा, असे मी ठरवले.

गळक्या पंपावर डिझेल सगळीकडे पसरते, त्यामुळे ओले दिसते तिथेच गळते असे धरून चालत नाही. मी पंप ब्रशने आणि स्वच्छ डिझेलने धुतला, कोरडा पुसला आणि डिलिव्हरी होल्डरांच्या (पंपावर पाइप जोडायच्या तोंडांच्या) बुडाशी खडूची पूड भुरभुरली. इंजिन बंदच होते. थोड्या वेळाने मधल्या होल्डरपाशी पूड एका अंगाने करडी झाली, तिथे थेंब फुगला आणि पंपाच्या अंगावरून खाली ओघळला. बंद इंजिनातही गळते, ही खूण मला सर्वांत मोलाची वाटली. नोझलकडे, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीकडे, जाणाऱ्या हायप्रेशर पाइपाचा दोष असता तर गळती इंजिन चालू असतानाच दिसली असती. इंजिन बंद झाल्यावर पंपात उरतो तो फक्त उंचावरच्या टाकीतून उतरणाऱ्या डिझेलचा दाब, आणि ते डिझेल बाहेर येऊ न देणे हे होल्डरवरच्या रबरी ओरिंगचे (गोल कडीचे) काम असते. डिपस्टिकही काढून पाहिली. ऑइलची पातळी वाढलेली नव्हती आणि त्याला डिझेलचा वासही नव्हता, म्हणजे एलिमेंटमधून (बॅरल ही नळी आणि तिच्यात सरकणारा प्लंजर यांच्या जोडीतून) डिझेल ऑइलमध्ये उतरत नव्हते. तसे असते तर मी ट्रॅक्टर चालूच केला नसता, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते.

टाकीचा कॉक बंद करून पाइपांचे नट सोडले आणि उघडी तोंडे लगेच स्वच्छ प्लॅस्टिकने बांधली. एलिमेंटमधली फट काही मायक्रॉनची असते. आमच्याकडची वाऱ्यावर उडणारी माती तिथे शिरली तर नवी ओरिंग टाकून काहीही साधत नाही. लॉकपट्टी काढली, होल्डर फिरवून वर घेतला, स्प्रिंग उचलली, पण व्हॉल्व्ह आणि त्याची सीट जागेवरच राहू दिली, कारण ती जोडी एकमेकांशी घासून जुळवलेली असते. जुनी ओरिंग गोल उरलीच नव्हती. ती चपटी आणि कडक झाली होती, नखाने वाकवताच आडवी तडकली.

2020 पासून देशभर बीएस-6 या कमी प्रदूषणाच्या मानकाचे डिझेल मिळते आणि त्यातील गंधक 10 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दहा भाग) खाली आणलेले असते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत जुन्या नायट्राइल रबराला फुगवून ठेवणारे काही घटकही कमी होतात, म्हणून वय झालेल्या ओरिंगा आकसू शकतात. सावद्याच्या दुकानातून मी मुद्दाम वायटनच्या, म्हणजे डिझेलला टिकणाऱ्या रबराच्या, ओरिंगा मागवल्या आणि तिन्ही होल्डरांना घातल्या. होल्डर टॉर्क पान्यानेच, ठरलेल्या मापाने आवळले. जास्त आवळल्यास बॅरल ताणला जाऊन प्लंजर अडकतो.

हँड प्रायमर मारून फिल्टरच्या आणि मग पंपाच्या स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढली. इंजिन सुरू झाल्यावर मुलाने विचारले, “आप्पा, पाइपाच्या नटाजवळचा थेंब बोटाने पुसू का?”

“नाही. इंजिन चालू असताना बोट काय, फडकेही जवळ नेऊ नकोस,” मी म्हणालो. अशा नोझलमागचा दाब दोनशे बारच्या आसपास असतो; बारीक फवारा कातडीतून थेट आत शिरतो आणि मग ताबडतोब शस्त्रक्रियेसाठी दवाखाना गाठावा लागतो. इंजिन बंद करून मीच तो थेंब पुसला. पुन्हा सुरू केल्यावर तिथे काही आले नाही.

दुपारपर्यंत घड गाडीत चढले. संध्याकाळी तापलेला पंप पाहिला तेव्हा तिन्ही होल्डर कोरडे होते. धूर आणि आवाज पूर्वीसारखेच राहिले, कारण डिझेलचे प्रमाण कमी-जास्त करणाऱ्या रॅकला आणि इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या सीलबंद स्क्रूला मी हात लावलाच नव्हता. कापणीची घाई ओसरल्यावर पंप जळगावला नेऊन उरलेले रबरी भाग बदलून घेतले. मिस्त्रीने बेंचवर तिन्ही नळ्यांतील डिझेल मोजले, तेव्हा मधल्या एलिमेंटचे माप बाकी दोन्हींच्या बरोबरीने आले.