डिस्क भरायची आणि आपोआप मोकळी व्हायची

दूधबिलाचा दिवस होता. ज्या दूध संघाचा डेटाबेस मी सांभाळते, तिथल्या ऑपरेटरचा सकाळीच फोन आला, "मॅडम, संकलनाची एंट्री सेव्ह होत नाहीये, डिस्क फुल म्हणतंय." दर दहा दिवसांनी उत्पादकांच्या खात्यात पैसे पडतात. त्या दिवशी सर्व्हर अडला की गावोगावच्या संस्थांचे सचिव फोन करकरून हैराण करतात, आणि त्यांचं चुकत नाही.

लॉगिन करून डिस्कवरची जागा दाखवणारी 'डीएफ' कमांड मारली, तर निम्मी डिस्क मोकळी! लॉगमध्ये मात्र तात्पुरत्या फाइलीत लिहिताना जागा संपल्याची एरर होती. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्वेरी चालताना ओळी क्रमाने लावायला (सॉर्ट) किंवा जुळवायला (हॅश) दिलेली मेमरी, म्हणजे 'वर्क_मेम', पुरली नाही (मूळ सेटिंग अवघं ४ एमबी) की उरलेला माल 'पीजीएसक्यूएल_टीएमपी' फोल्डरमध्ये उतरतो. क्वेरी संपली किंवा एरर येऊन पडली की त्या फाइली लगेच पुसल्या जातात. म्हणजे आपण बघायला जाईपर्यंत माग उरत नाही. मागच्या वेळी याच तक्रारीवर संघाने डिस्क वाढवून घेतली होती.

ऑपरेटरला म्हटलं, अडलं तेव्हा चालू होता तो रिपोर्ट पुन्हा लावा, मी बघते. फोल्डर उघडून बसले. एक फाइल १ जीबीला पोचली की दुसरी सुरू, मग तिसरी. फाइलीच्या नावातच प्रोसेसचा नंबर असतो. तो चालू क्वेऱ्या दाखवणाऱ्या 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'त शोधला आणि अख्खी क्वेरी समोर आली. शेजारचा नवा मुलगा म्हणाला, "ताई, फाइली डिलीट करू?" त्याला थांबवलं. प्रोसेसने उघडून धरलेली फाइल पुसली तरी जागा सुटत नाही. प्रोसेस जबरदस्तीने मारणारं 'किल -९' तर मुळीच नको. एक बॅकएंड (एका कनेक्शनची प्रोसेस) तसा मारला की सगळ्यांची कनेक्शनं तुटतात आणि डेटाबेस रिकव्हरीत जातो. फक्त चालू क्वेरी रद्द करणारं 'पीजी_कॅन्सल_बॅकएंड' दिलं, क्वेरी थांबली, जागा परत आली, एंट्र्या सुरू झाल्या.

मग क्वेरी वाचली. संकलनाची प्रत्येक नोंद दरपत्रकाला जोडलेली होती, ती फक्त फॅट आणि एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक). दर कोणत्या तारखेपासून लागू, ही अटच नव्हती. संघाने दर बदलला की दरपत्रकात नव्या ओळी येतात, त्यामुळे एकेका नोंदीला आजवरचे सगळे दर चिकटत होते. रिपोर्टला दराचा आकडा नकोच होता. त्या नोंदीला दर आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. वाढलेल्या ओळी शेवटी 'डिस्टिंक्ट' (सारख्या ओळींतली एकच ठेवणारा शब्द) लावून झाकल्या होत्या. उत्तर बरोबर यायचं, म्हणून कुणाला शंका आली नाही.

'डिस्टिंक्ट'चा असा वापर मला मनापासून खटकतो. ओळी दुप्पट का झाल्या हे न विचारता त्या पुसून टाकायच्या, आणि तो भार दर बदलागणिक वाढत जातो. 'वर्क_मेम' वाढवा, असाही सल्ला आला. पण ती प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक कनेक्शनला वेगळी लागते. बिलाच्या दिवशी रॅमच संपली असती.

दरपत्रकाची ती जोडणी (जॉइन) काढून तारखेच्या अटीसह 'एक्झिस्ट्स' लिहिलं, जे जुळणारी ओळ आहे की नाही एवढंच बघतं. क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या 'एक्स्प्लेन ॲनालाइझ'मधून डिस्कचा उल्लेख गेला. रिपोर्टच्या युजरला 'टेम्प_फाइल_लिमिट' ही तात्पुरत्या फाइलींची मर्यादा लावली, कारण मूळ सेटिंगमध्ये अशी मर्यादाच नसते. आता अशी क्वेरी पडली तर एकटी पडेल. अशा फाइलींची लॉगमध्ये नोंद ठेवणारं 'लॉग_टेम्प_फाइल्स'ही सुरू केलं, आणि त्यात याच साच्यातले आणखी रिपोर्ट सापडले. दिवाळीच्या दरफरकाचा रिपोर्ट त्यातलाच. तो अख्ख्या वर्षाचं संकलन वाचतो, म्हणून तोच आधी हातात घेतलाय.