तलावाची वैरण

पोहण्याचा तलाव बांधायला किती लागतील, हे ठेकेदार तोंडपाठ सांगतो. तो महिन्याला किती खाईल असं विचारलं की मात्र, "साहेब, फारसं काही नाही ओ." माझ्या पुतण्यालाही हेच उत्तर मिळालं. नोकरी पुण्यात, जागा साताऱ्याजवळ लिंबच्या बाजूला, शनिवार-रविवार मुक्काम तिथं. घरामागं तलाव हवाच. मी जन्मभर बँकेत खतावण्या केल्या म्हणून वहिनींनी कागद माझ्यापुढं सरकवला. "भाऊजी, आकडा तेवढा काढून द्या. नुसत्या बोलण्यानं तो ऐकायचा नाही."

25 फूट लांब, 12 फूट रुंद, सरासरी साडेचार फूट खोल. पाणी झालं 38,000 लिटर. दहा हजारी टँकरच्या चार खेपा. इथवर सगळेच हिशेब करतात आणि थांबतात, जणू भरलेलं पाणी तिथंच बसून राहणार आहे. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन उघड्या पाण्यातून दिवसाला सहा-सात मिलिमीटर सहज उचलतं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. हा तलाव 28 चौरस मीटरचा, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे लिटर आकाशात. महिन्याला अर्धा टँकर, तोही कुणी पाण्यात पाय न घालता. फिल्टरमधली वाळू उलट्या धारेनं धुवायची, त्यात दर आठवड्याला काहीशे लिटर जातात ते निराळे.

मग वीज. पाणी दिवसातून एकदा तरी फिल्टरमधून पूर्ण फिरलं पाहिजे. एक एचपीचा पंप आठ तास चालवला की साधारण सहा युनिट, महिन्याला 180. आकडा दिसायला साधा आहे. पण महावितरणचं बिल 100, 300, 500 अशा पायऱ्यांनी चढतं. घरचा वापर दोनशेच्या आसपास असेल तर हे 180 त्याच्या डोक्यावर बसतात आणि 300 च्या पुढचं प्रत्येक युनिट वरच्या दरानं पडतं. तलावाची वीज स्वस्तातली धरायची की महागातली? मी महागातली धरली. पुतण्याला ते आवडलं नाही.

औषधपाण्याचं तर विचारू नका. क्लोरीन टाकायचं, ते ऊन खाऊन टाकतं. म्हणून संध्याकाळी टाकायचं, शिवाय ते टिकावं म्हणून दुसरी पूड. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, 7.2 ते 7.8 मध्ये ठेवायचा, नाहीतर डोळे चुरचुरतात आणि क्लोरीनही नीट काम करत नाही. पुतण्या म्हणाला, ग्रामपंचायत टाकीत टाकते तीच ब्लीचिंग पावडर वापरू. वापर बाबा, पण तिचा चुना मागं राहतो, आणि बोअरचं पाणी आधीच जड. फरश्यांवर पांढरा थर बसला की घासायला गडी लागणार. त्याचा पगार मी वेगळ्या ओळीत लिहिला.

पावसाळ्यात तरी खर्च थांबेल, असा त्याचा समज होता. उलट आहे. पावसाच्या पाण्यानं औषध पातळ होतं, पालापाचोळा पडतो, आणि पंप बंद ठेवला तर तलाव हिरवा होऊन डासांची पैदास सुरू. बरं, रिकामा करून ठेवावा तर भिजलेल्या जमिनीतलं पाणी खालून रेटतं आणि रिकाम्या तलावाला तडे जाऊ शकतात. थंडीत साताऱ्याकडच्या पाण्यात कोण उतरतंय! म्हणजे पोहणं मार्च ते मे, देखभाल बारा महिने. दूध देवो न देवो, भाकड म्हशीलाही वैरण टाकावीच लागते, तसलं हे प्रकरण.

लिंबमध्येच बारामोटेची विहीर आहे. 1719 ते 1724 या काळात साताऱ्याच्या राजघराण्यातल्या वीरूबाईंनी बांधून घेतलेली, अष्टकोनी, आत महाल असलेली. पुतण्यानं तिचाच दाखला दिला, "काका, त्यांनी केला होता का खर्चाचा विचार?" केला असणारच. मोटा चामड्याच्या, बैल रोज खाणारे, नाडे झिजणारे. पण ते पाणी आमराईला जायचं आणि झाडाला आंबे लागायचे. आपल्या पाण्यावर दोडकासुद्धा येणार नाही, क्लोरीन आहे त्यात.

शेवटी मी एक ओळ गंगाजळीची घातली: फिल्टरची वाळू पाच-सात वर्षांनी बदलायची, पंप कधीतरी जळणार, फरश्यांच्या सांध्यांची डागडुजी. दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला. वर्षाची बेरीज केली, तिला पुतण्या खरोखर जितक्या वेळा पोहेल त्या आकड्यानं भागलं, आणि एका डुंबण्याचा भाव काढून त्याच्या हातात ठेवला. तो बराच वेळ कागदाकडं बघत होता.

वहिनींनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला. "यात पाहुणे कुठं आहेत?" मेच्या सुट्टीत साताऱ्यापासून कोरेगावापर्यंतची भाचरं येणार, दिवसभर डुंबून भुकेनं कावलेली. पोह्यांचं पातेलं, चहा, ओल्या टॉवेलांचे ढीग, वॉशिंग मशिनच्या फेऱ्या. त्यांनी स्वतःच्या अक्षरात शेवटी लिहिलं, 'गॅस सिलिंडर, जादा', आणि पुढं आकडा न घालता जागा रिकामी सोडली.

पुतण्यानं ती अजून भरलेली नाही. हल्ली तो पाऊण एचपीच्या पंपांच्या किमती विचारत फिरतोय म्हणे.