खराटा, खंजिरी आणि सोले

आम्ही गुहागरकडचे. साठी उलटेपर्यंत माझ्याकडे एकच स्वेटर होता, तोही शाळेच्या माथेरान सहलीसाठी घेतलेला. त्यामुळे ह्यांनी "हिवाळाभर विदर्भातल्या खेड्यात राहून सेवा करायची" असं ठरवलं, तेव्हा मी आधी थंडीची चौकशी केली. सेवा कसली ते नंतर.

टेलिफोन खात्यातली ह्यांची पहिली नेमणूक अमरावतीची. तिथे संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला बसायची सवय लागली, ती चिपळूणला बदली होऊनही सुटली नाही. मुलगा म्हणाला, लोकांचे आईबाप निवृत्तीनंतर परदेशात धर्मकार्याला जातात, तुम्ही विदर्भात. ह्यांनी लगेच ऐकवलं, तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला जाऊन आले होते. आमचा जपान तिवसा तालुक्यात, एवढंच.

नोव्हेंबरच्या शेवटी अमरावती एक्सप्रेसने निघालो. बडनेऱ्याला उजाडलं तेव्हा खिडकीच्या काचेला हात लावून पाहिला आणि शाल काढली. पुढे नागपूर रस्त्याने गुरुकुंज मोझरी. महाराजांनी १९३५ साली वसवलेला हा आश्रम. प्रार्थनागृहात मूर्ती नाही, समोर फक्त रिकामं अधिष्ठान. गणपती-देवीच्या गावातून आलेल्या मला पहिल्यांदा चुकल्यासारखं झालं. नमस्कार कुणाला करायचा? शेजारच्या आजीबाईंनी माझी नजर ओळखली असावी. "सगळ्यायलेच करा," म्हणाल्या.

आमचा मुक्काम मात्र आश्रमात नव्हता. तिथून काही मैलांवरच्या एका गावात, प्रार्थना मंदिराला लागून एक खोली होती. पत्रे, एक खाट, पाण्याचा बंब, आणि गावकऱ्यांनी आणून दिलेल्या दोन वाकळा. त्यांना तिकडे वाकय म्हणतात. पहिल्या रात्री त्या दोन्ही मीच घेतल्या.

सोल्यांचं तर सांगायलाच हवं. तिसऱ्या दिवशी शेजारची सूनबाई दारात येऊन म्हणाली, "मावशी, आज सोल्याची भाजी केली, वाटीभर आणून देतो." आमच्याकडे सोलं म्हणजे कोकमाची. मी मनात म्हटलं, बरं झालं, जिभेला आंबट मिळेल. वाटीत आले तुरीचे हिरवे, कोवळे दाणे, लसूण-मिरचीच्या झणझणीत रश्श्यात. डोळ्यांतून पाणी आलं, पण वाटी पुसून खाल्ली. पुढे सोलेभात, सोल्यांचे वडे, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा, एवढं सगळं पोटात गेलं की निघेपर्यंत मी तुरीच्या झाडाकडे माहेरच्या माणसासारखी बघायला लागले. आमसुलांची पुडी मी त्यांना दिली होती. त्यांनी ती देवापाशी ठेवली असावी. खाल्ल्याचं काही कळलं नाही.

माझं काम संध्याकाळी मुलांना प्रार्थना आणि वाचन शिकवायचं. मुलं येत. मोठी माणसं येईनात. मला राग यायचा, आम्ही एवढ्या लांबून आलो आणि हे ओट्यावर बसून असतात! मग एकदा बायकांबरोबर कापूस वेचायला गेले. बोंडाची सुकलेली टोकं बोटांत घुसतात, कमरेला बांधलेली ओटी जड होत जाते आणि मजुरी मिळते ती किलोवर. दुपारीच मी बांधावर बसले. त्यानंतर कोण आलं, कोण नाही, हे मोजणं मी सोडलं. प्रार्थना संपल्यावर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, शेकोटी पेटायची, तिथे मात्र सगळे हजर. खंजिरीही तिथेच वाजायची. मुलं माझी नक्कल करायची. "मी येतेय" म्हटलं की हसून लोळत, कारण त्यांच्याकडे माणूस "येऊन राह्यला" असतो.

ह्यांनी घेतली ग्रामसफाई. पहाटे साडेपाचला भगवी टोपी, तिच्यावरून मफलर आणि हातात खराटा. पहिल्याच दिवशी एक म्हातारे धावत आले. "काय करून राह्यले काका? आमाले लाज वाटते ना बाप्पा!" दुसऱ्या दिवशी हे बाहेर पडले तर गल्ली आधीच लख्ख. म्हणून हे पाचला उठले. दोन दिवसांनी लोक पावणेपाचला. हे साडेचारला. त्या थंडीत काळोखात खराट्यांचे आवाज यायचे आणि मी वाकळीत पडल्या पडल्या कोण जिंकतंय ते ऐकायची. मोझरीला कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, सेवा फळली. मलाही तसंच वाटलं.

जानेवारीत हे तापाने चार दिवस अंथरुणावर होते. पाचव्या दिवशी बाहेर आले तर गल्लीभर पाचोळा, शेळ्यांच्या लेंड्या, गुटख्याच्या पुड्या. ह्यांचं तोंड उतरलं. तेच म्हातारे अगदी सरळपणे म्हणाले, "तुमी नोयते, तं आमी कोनाच्या आंधी उठावं?" मला इतकं हसू आलं की हे माझ्यावरच चिडले.

चिडलेल्या माणसाला मी कौंडण्यपूरला घेऊन गेले. वर्धा नदीच्या काठचं रुक्मिणीचं माहेर. पंढरपूरला चार वेळा जाऊनही हे गाव माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. घाटावर ऊन खात बसलेल्या एका बाईने कुठल्या म्हणून विचारलं. कोकण म्हटल्यावर ती हळहळली, "लय दूर दिली बाप्पा तुमाले." मी तिथली सून नाही, लेकच आहे, हे सांगायचं राहून गेलं. इथून आषाढीला पालखी निघते, लेकीच्या सासरी. परतताना वाटेत संत्र्यांचं पोतं घेतलं आणि अर्धं गावात पोचेपर्यंत संपलं. ह्यांचा राग तेवढ्यात गेला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघालो. बस सातची. ह्यांनी आदल्या रात्री गजर लावला पावणेचारचा, शेवटची गल्ली आपल्या हाताने झाडायची म्हणून. उठले, टोपी घातली, दार उघडलं. चांदण्यात सगळी गल्ली सारवल्यासारखी स्वच्छ, आणि टोकाला, शेकोटीपाशी, ते म्हातारे खराटा मांडीवर घेऊन बसलेले.

"शेवटच्या दिवशी तरी थोडं ठेवायचं होतंत," हे म्हणाले.

"हिव लय हाय काका," ते म्हणाले, "बसा इथं."