सोलापुरात एअर फ्रायरमधल्या पोर्क रिब्स: माझा अनुभव (पट्टी अख्खी मिळाली तर पुढचं सोपं आहे)

एअर फ्रायरमध्ये पोर्क रिब्स, म्हणजे डुकराच्या बरगड्या, फार छान होतात, मांस हाडापासून अलगद सुटतं, त्यात अवघड काहीच नाही. अवघड आहे ते सोलापुरात रिब्सची अख्खी पट्टी हातात पडणं. कुठलीही रेसिपी उघडा, पहिलीच ओळ "एक रॅक रिब्स घ्या" आणि तिथनं थेट मसाल्यावर. अरे पण ती रॅक आणायची कुठनं? हे कुणीच सांगत नाही, आणि माझा सगळा वेळ आणि डोकं तिथंच गेलं, म्हणून लिहितोय.

आधी ऑनलाइन बघितलं. घरपोच मटण-चिकन देणाऱ्या अ‍ॅपमध्ये पिनकोड टाकला की तुमच्या भागात सेवा नाही. पुण्यात फ्रोजन मिळतंय असं कळलं पण पुणं अडीचशे किलोमीटर, आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, आणि थर्माकोलच्या डब्यातनं गाडीच्या डिकीत येणारं पोर्क घरच्यांना खाऊ घालायची माझी तयारी नव्हती. एकदा वितळलेलं मांस परत गोठवून ठेवलं की वरनं काही कळत नाही, त्यामुळं हा विषयच सोडला. राहिलं गावातलं दुकान.

आता दुकानात काम कसं चालतं ते सांगतो, कारण गाडी तिथंच अडते. जनावर पहाटेच कापलेलं असतं, केस जाळून, खरवडून, धुऊन उभे दोन भाग करतात आणि मग ओंडक्यावर घेऊन सत्तूरनं सगळ्याचे तुकडे. चामडी, चरबी, मांस, हाड, सगळं एका ढिगात. गिऱ्हाईक किलो मागतं, त्याला त्या ढिगातनं सगळं थोडं थोडं जातं. रश्श्यासाठी ते बरोबरच आहे. पण रिब्स पाहिजे असलेला माणूस जाईपर्यंत बरगडीचे बोटाएवढे तुकडे झालेले असतात.

मी म्हटलं बरगडी पाहिजे, तर काट्यावरच्या पोरानं ढिगात हात घालून तुकडे वेचायला सुरुवात केली. "ही काय बरगडी, पाहिजे तेवढी हाय की."

"तुकडे नको रे, सलग पट्टी पाहिजे."

"सलग शिजत न्हाई मालक. आन कुकरात बसायची न्हाई."

मग म्हणाला आदल्या रात्री फोन करा, ठेवतो. फोन केला, "ठेवतो की" म्हणाला. सकाळी गेलो तर वेगळी पिशवी बांधून तयार, आणि पिशवीत तेच तुकडे, फक्त सगळे बरगडीचे. वर कौतुकानं सांगतोय, सगळी बरगडीच दिलीय बघा. त्याला काय बोलणार, त्याच्या हिशोबानं त्यानं शब्द पाळला होता. पुढच्या खेपेला पट्टी खरंच ठेवली होती म्हणे, पण एक हॉटेलवाला सगळं एकदम घेऊन गेला. आणि दरवेळी "पाच मिनिटं थांबा" म्हणून स्टुलावर बसवायचं, रविवारची गर्दी, कुणाला कलेजी पाहिजे, कुणाला चरबी कमी पाहिजे, आणि आपण समोर बसून सत्तूर बरगडीवर पडताना बघायचा. इतका वैताग मला आधार अपडेटच्या रांगेत आला नव्हता. खरं सांगतो, एखाद्याला पाहिजे ती वस्तू त्याच्या डोळ्यासमोर असताना तिचे तुकडे होणं फार लागतं.

शेवटी मार्ग निघाला तो ओंडक्यावर बसणाऱ्या काकांशी बोलून. फोन उचलतो काट्यावरचा पोरगा, पण सत्तूर असतो काकांच्या हातात, आणि निरोप त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मी मधल्या वारी गेलो, गर्दी नव्हती, मोबाइलवर फोटो दाखवला, स्वतःच्या बरगडीवरनं हात फिरवून दाखवलं की इथनं इथपर्यंत, मध्ये कुठं तोडायचं नाही. तेव्हा त्यांनी खरी अडचण सांगितली. म्हणाले, "देतो की, पण पट्टी तुम्हाला दिली तर बाकीच्यांच्या किलोत चरबी आन चामडीच जास्ती जाती. मग ते माझ्याशी भांडतात."

हे ऐकल्यावर मला सगळं कळलं. नुसती हाडं आणि मांस एकट्यानं उचलायचं म्हणजे त्यांचं वजनाचं गणित मोडतं. म्हणून मी म्हटलं, काका, पट्टी चामडी-चरबीसकट काट्यावर ठेवा, सगळ्याचे पैसे घ्या, आणि मग वरची चामडी-चरबी काढून तुमच्याकडंच राहू द्या. लगेच तयार झाले. बास, एवढंच होतं. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मधला सगळा ताप वाचला असता, म्हणून तुम्हाला सांगतोय: वजन चामडीसकट करा, आणि बोला सत्तूरवाल्याशी.

काकांनी मग सत्तूर बाजूला ठेवून बारीक सुरी घेतली. चामडी उचलली, तिच्याखाली सुरी आडवी सरकवत चरबीचा थर सोलत आणला, हाडावर बोटभर मांस ठेवलं, आणि पट्टी तीन-तीन, चार-चार हाडांत उभी कापून दिली, दोन हाडांच्या मधनं, हाडाला धक्का न लावता. चार-साडेचार लिटरच्या फ्रायरमध्ये अख्खी रॅक मावतच नाही, त्यामुळं हे तिथंच करून घ्या.

घरी आल्यावरचं काम सोपं. हाडाच्या बाजूला पातळ, चमकणारा पापुद्रा असतो, तो काढायचाच. कडेच्या हाडावर चमच्याच्या दांड्यानं उचकायचा आणि सुती फडक्यानं धरून ओढायचा, बोटानं धरला तर सटकतो. नीट धरला तर एका दमात सर्रकन निघतो. हा राहिला तर शिजल्यावर चिवट लागतो आणि मसालाही आत जात नाही.

रात्रीच मीठ, ठेचलेला लसूण आणि आपलं काळं तिखट चोळून फ्रीजमध्ये ठेवलं. बाहेरचा बार्बेक्यू मसाला कशाला पाहिजे, काळ्या तिखटात सगळं असतं. कच्ची पपई लावू नका, मांस वरनं गिळगिळीत होतं आणि हाडाजवळ तसंच राहतं.

दुसऱ्या दिवशी तासभर आधी बाहेर काढून, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, आत दोन चमचे पाणी घालून १५० डिग्रीवर पाऊण तास ते तास. बरेच जण २०० वर वीस-पंचवीस मिनिटं सांगतात. त्यात पोर्क शिजतं, पण मऊ होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानं पोर्कचा अख्खा तुकडा आतनं ६३ डिग्री झाला आणि तीन मिनिटं ठेवला की खायला सुरक्षित, पण बरगडीत कोलॅजन, म्हणजे मांस चिवट ठेवणारे धागे, भरपूर असतं, ते विरघळून मऊ जिलेटिन व्हायला वेळ लागतो आणि आतलं तापमान ९० च्या पुढं जावं लागतं. म्हणून आधी फॉइलमध्ये वाफेवर सावकाश, मग उघडून रंग. आपल्याकडं पोर्कमधनं टेपवर्मची भीती असते, त्यामुळं आत गुलाबी वगैरे ठेवायच्या फंदात पडूच नका.

फॉइल उघडल्यावर २०० वर आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. लेप मी डाळिंबाचा केला. सोलापूरचं डाळिंब असताना बाटलीतला सॉस आणायचा नाही असं ठरवलंच होतं. रस काढून गूळ आणि थोडं काळं तिखट घालून चिकट होईपर्यंत आटवला. हा लेप शेवटच्या चार-पाच मिनिटांतच लावा, गूळ आधी लावला की जळून कडू होतो. वरनं शेंगा चटणी भुरभुरवली, ती तर अगदी बाहेर काढल्यावर, नाहीतर शेंगदाणा जळतो.

हो, धूर. चरबी खाली टपकते आणि खालच्या भांड्यात जळते, म्हणून जाळीच्या खाली थोडं पाणी घालून ठेवा. आमच्या आई पोर्क खात नाहीत, त्यांना वास नको होता, पाणी घातल्यावर काही त्रास झाला नाही. त्यांच्यासाठी बास्केट वेगळी ठेवायची म्हणून मी जादाची सिलिकॉन ट्रे आणली.

अजून एक, १५०० वॅटचा फ्रायर साडेसहा अँपियर ओढतो, तेव्हा साध्या ६ अँपियरच्या सॉकेटला एक्स्टेन्शन लावून चालवू नका, फ्रिज-गीझरच्या १६ वाल्याला लावा. आणि लाइट गेली तर डिजिटल टायमर बऱ्याचदा पहिल्यापासनं सुरू होतो, किती वेळ झाला ते घड्याळात बघून ठेवा.

कडक भाकरीबरोबर खाल्ल्या. फॉइलमध्ये जो रस उरतो तो टाकू नका, भाकरी चुरून त्यात घातली की ताटात काही शिल्लक राहत नाही. माझ्या मेव्हण्यानं हाड नुसतं फिरवलं आणि ते हातात निघून आलं, मला फार बरं वाटलं. उरलेल्या रिब्स दुसऱ्या दिवशी परत फॉइलमध्ये, १६० वर सात-आठ मिनिटं, मायक्रोवेव्हमध्ये नको, वातड होतात.