स्पीकरच्या पाठीतला मोजा

आमच्या उजव्या स्पीकरच्या पाठीत एक मोजा असतो. पहिला होता तो माझा: करड्या रंगाचा, सुती, टाचेला विरलेला. तो तिथे कसा गेला हे सांगायला बसलं की तासभर जातो, म्हणून पाहुण्यांपैकी कोणाचं लक्ष गेलंच तर मी विषय बदलतो. इथे मात्र सांगून टाकतो.

कितीतरी वर्षं मी गाणं फोनवर ऐकलं. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून तबला ऐकणं म्हणजे अर्धाच तबलजी ऐकणं. उजव्या हाताची चाट टणटणीत येते, डावा हात जवळजवळ गायब. डग्ग्याचा घुमारा आपण आठवणीतून भरून घेतो, आणि मेंदू इतका गुणी की हे चाललंय याचा पत्ताही लागू देत नाही. मग एकदा एका मित्राकडे, त्याच्या जुन्या स्टीरिओवर, मला तोंडपाठ असलेली एक मैफल ऐकली. त्यात तानपुरे दोन होते. एक डावीकडे, एक उजवीकडे. दहा वर्षं मी त्या दोघांना एकच समजत होतो.

घरी येऊन जाहीर केलं की आता ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घ्यायचे. "ठेवणार कुठे?" हा बायकोचा पहिला प्रश्न आणि "पैसे किती?" हा दुसरा. जागाही थोडी होती आणि पैसेही. त्यामुळे बेत आपोआपच लहान झाला: पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन स्पीकर आणि पंजाएवढा ॲम्प. पोटातच ॲम्प्लिफायर असलेले स्पीकरही मिळतात, सुटसुटीत असतात. पण एक बिघडलं की सगळंच मुकं, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. जे जातात त्यांचं चुकतं असं नाही. त्यांच्या घरी वायरी कमी असतात.

या बाजारात शिरलं की पहिली गाठ पडते वॅटशी. मला आवडलेल्या एका चिमुकल्या ॲम्पच्या खोक्यावर ठळक अक्षरांत २०० वॅट लिहिलेलं होतं. मी हरखून भाच्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"मामा, खोक्यावरचं सोड. सोबत अडॅप्टर कुठला देतायत?"

"१२ व्होल्ट, ३ अँपिअर."

"म्हणजे भिंतीतून आत येणार १२ गुणिले ३, ३६ वॅट. त्यातून २०० बाहेर कसे काढणार?"

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मला चौथीपासून माहीत होतं. फक्त अडॅप्टरला आड म्हणायचं सुचलं नव्हतं. भाच्याने पुढचं गणितही करून दाखवलं. व्होल्टचा वर्ग करायचा आणि स्पीकरच्या ओहमच्या, म्हणजे तो विजेला करतो त्या रोधाच्या, दुपटीने भागायचं. १२ चा वर्ग १४४, स्पीकर ८ ओहमचा, म्हणून भागिले १६. उत्तर ९. एका स्पीकरला स्वच्छ मिळणार ते फार तर ९ वॅट. त्याच जागी २४ व्होल्टचा अडॅप्टर असता तर ३६. अशा छोट्या ॲम्पमध्ये सर्रास दिसणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही चिप घ्या. तिच्या माहितीपत्रकात दोन बाजूंना प्रत्येकी ५० वॅट असं लिहिलेलं आहे, पण शेजारी अटही आहे: २१ व्होल्ट आणि ४ ओहम. चिप बनवणारे अट लिहितात. खोकी छापणाऱ्यांना तेवढी जागा मिळत नसावी.

तेव्हापासून मी कोणत्याही ॲम्पचं खोकं हातात घेतलं की आधी उलटं करून अडॅप्टर शोधतो. चपला घेताना तळवा बघावा तसं.

९ वॅट ऐकून मी जरा खट्टू झालो होतो. पण गंमत पुढेच होती. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी म्हणून एक आकडा असतो, बहुतेकांचा ८६ डेसिबलच्या आगेमागे. अर्थ असा की एक वॅट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज होईल. आपण बसतो साधारण दोन मीटरवर, तिथे ६ डेसिबल कमी होतात. पण स्पीकर दोन असतात आणि खोलीच्या भिंतीही थोडं परत करतात, म्हणून ८० च्या वरच कुठेतरी राहतो. समोरासमोरच्या गप्पा ६० च्या आसपास असतात. म्हणजे वॅट एकच, आणि तेवढ्यात शेजारची खिडकी बंद झालेली असते! रोजचं ऐकणं त्याच्याही आतच भागतं. बाकीचे वॅट लागतात ते थाप पडते त्या क्षणापुरते.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना आपण उगाच भुलतो याचं कारणही त्याच गणितात आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, लक्ष देऊन ऐकलं तर कळावा इतकाच. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दसपट. १९७८ मध्ये आलेला एनएडी ३०२० हा ॲम्प्लिफायर कागदावर जेमतेम २० वॅटचा होता आणि कमी पैशांत चांगलं गाणं म्हटलं की जुनी माणसं अजून त्याचंच नाव काढतात. मी शेवटी २४ व्होल्टवाला ॲम्प घेतला तो आवाज वाढवण्यासाठी नाही. लहान ॲम्पला झेपेनासं झालं की तो लाटांचे शेंडे सपाट कापू लागतो, आणि त्या कापण्यात ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक सूर काढणारा नाजूक भाग, जळू शकतो. थोडी मोकळीक हवी होती, एवढंच.

आणखी एक गैरसमज माझा होता तो सांगतो. हे पंजाएवढे ॲम्प क्लास डी जातीचे असतात आणि मी खुशाल डी म्हणजे डिजिटल समजून चाललो होतो. तसं काही नाही. ए, बी, सी होऊन गेले होते, पुढचं अक्षर डी. आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. अर्धवट उघडे राहून तापत बसत नाहीत. म्हणून पेटी लहान आणि हाताला जेमतेम कोमट. मित्राकडच्या जुन्या ॲम्पवर त्याची मांजर झोपायची. ती सोय इथे नाही.

पैशांची वाटणी करताना मात्र मी स्पीकरकडे सढळ झालो आणि त्याचा पश्चात्ताप नाही. दोन बऱ्या ॲम्पमधला फरक ऐकायला मला डोळे मिटून बसावं लागतं. दोन स्पीकरमधला फरक स्वयंपाकघरातूनही कळतो. आणि स्पीकरच्या बाबतीत निसर्ग कोणालाच सवलत देत नाही. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. १९५४ मध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली ती विल्चर यांच्या एका कल्पनेवर: पेटी हवाबंद करायची आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखं राबवायचं. त्यामुळे कपाटाएवढ्या पेटीतला खर्ज फळीवर मावू लागला. किंमत मोजली ती वॅटमध्ये. बीबीसीने सत्तरच्या दशकात आपल्या बाहेरच्या प्रक्षेपणांच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए हा स्पीकर बनवला. पेटी जेमतेम ५ लिटरची, बंद. माणसाचा आवाज त्यात इतका खरा की लोक अजून त्याच्या मागे आहेत, पण सेन्सिटिव्हिटी ८३ च्या आसपास आणि अगदी खालचा खर्ज मागायचाच नाही.

दुसरी जात पाठीला भोक असलेल्यांची. ते भोक म्हणजे बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येतो तो हुंकार, नेमक्या सुरात बसवलेला. वूफर, म्हणजे खर्ज काढणारा मोठा पडदा, दमतो तिथे भोक बोलू लागतं. मी हीच जात निवडली. ५ इंची वूफर, मागे भोक. डग्ग्याच्या लोभाने.

निवडताना दुकानात एक धडा मिळाला. दोन जोड्या ऐकल्या. दुसरी इतकी झगझगीत वाटली की पैसे काढायला हात खिशात गेला. मग सहज आवाजाचं बटण पाहिलं तर पहिलीच्या वेळी होतं त्याच जागी होतं, पण ही जोडी मुळातच तीनेक डेसिबल मोठ्याने बोलणारी. मोठं ते गोड, ही कानाची खोड आहे. बटण थोडं खाली घेऊन पुन्हा ऐकलं तेव्हा तिचा सगळा झगमगाट तानपुऱ्याच्या जवारीत अडकलेला निघाला. दोन मिनिटांत कपाळ दुखायला लागलं. पहिली जोडी मुकाट्याने गात होती. तीच आणली.

वायरीबद्दल थोडक्यात. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर, तीन मीटर. जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहम भरतो, स्पीकर ८ ओहमचा. यापुढे वायरीवर खर्च करायचा असेल तर हौस म्हणून करावा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तेवढी नको.

घरी आल्यावर मी टोकं सोलली, तारांना पीळ दिला, लाल-काळ्या टर्मिनलांत खुपसून चाव्या आवळल्या. गाणं लावलं. आणि गायिका खोलीत कुठेच नव्हती. म्हणजे आवाज होता, पण तो भिंतींतून, छतातून, माझ्या कानांमागून येत होता. खर्ज तर फोनच्या वळणावर गेलेला. एवढे पैसे घालून मी पुन्हा अर्धा तबलजी विकत आणला की काय, या विचाराने पोटात गोळा आला. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, एका स्पीकरची वायर उलटी लागलीये." खरंच लागली होती. एक पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे जायचा आणि खर्जाच्या लाटा एकमेकींना खाऊन टाकायच्या. लाल-काळ्याची अदलाबदल केली आणि बाई दोन स्पीकरच्या बरोबर मधे, जिथे काहीच ठेवलेलं नव्हतं तिथे, उभ्या राहिल्या. मी दचकून मागे सरलो, इतक्या जवळ.

आता नावाची गोष्ट. बुकशेल्फ स्पीकर म्हणतात म्हणून मी ते पुस्तकांच्या फळीवर ठेवले होते. वर शब्दकोश, खाली दिवाळी अंक, मधे स्पीकर. दिसायला सुरेख. पण प्रत्येक थापेला फळीच आधी बोलायची. शिवाय भिंत पाठीला चिकटली की खर्ज फुगतो आणि कोपऱ्यात तर उतू जातो. शेवटी दोन स्टुलं आली. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, दोघांमधलं अंतर जेवढं तेवढंच माझ्या खुर्चीपर्यंतचं. फरशीवर खडूने खुणा केल्या. बायकोने त्या दोनदा पुसल्या, तिसऱ्यांदा मी चिकटपट्टी लावली. हे सगळं फुकटात झालं आणि जेवढा फरक पडला तेवढा दुप्पट पैसे घालूनही पडला नसता, असं माझं मत आहे.

डावा स्पीकर लगेच मार्गी लागला. उजवा बसला कोपऱ्याजवळ. खोलीला दार असतं आणि ते उघडावं लागतं, त्याला इलाज नाही. परिणामी डग्ग्याचा प्रत्येक घुमारा उजवीकडून दुप्पट यायचा, ओल्या पिंपावर थाप मारल्यासारखा. भाच्याला तिसऱ्यांदा फोन. "मागच्या भोकात मोजा कोंब," तो म्हणाला. मला वाटलं, कंटाळला बिचारा. पण तो गंभीर होता. भोक बुजलं की त्याचा हुंकार दबतो आणि स्पीकर बंद पेटीच्या जातीकडे झुकतो. खर्ज जरा कमी येतो पण आटोपशीर येतो. काही कंपन्या यासाठी फोमचे बोळे देतातही. माझ्याकडे मोजे होते. एक गुंडाळून खुपसला आणि डग्गा दोन्हीकडे सारखा बोलू लागला.

महिनाभर बरं चाललं. मग एका रविवारी गाणं लावलं तर उजवीकडून पुन्हा पिंप. मागे हात घालून पाहिलं, भोक रिकामं. दोरीवर करडा मोजा वाळत होता, शेजारी त्याचा जोडीदार.

"कपाटात एकटाच सापडला होता," बायको म्हणाली. "दुसरा शोधत शोधत तिथवर गेले."

मी काही बोललो नाही. खुर्चीत बसून निमूट पिंप ऐकत राहिलो. दुसरी बंदिश सुरू झाली तशी ती आतून आली, स्पीकरमागे वाकली, आणि डग्गा ठिकाणावर आला. आता तिथे तिचा जांभळा मोजा आहे. करडी जोडी मी ऑफिसला घालून जातो.